सातवा मुद्दा सोडून

कोर्टाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि आत मी. दहा मिनिटांत एका घटस्फोटाची तारीख! वरून कुणीतरी दार फाकवलं. एक तेलकट हात खाली आला.

"धरा. वकील आहात का मॅडम?"

"आधी बाहेर काढा!"

"काढतो हो... मला दत्तक घ्यायचंय."

"कोणाला, मला?"

"भाचीला!"

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस असा माझा अशील झाला. आणि डोक्याला ताप. बहीण-मेहुणा अपघातात गेलेले, सहा वर्षांची भाची याच्याकडे. तिकडे पोरीचा काका ताबा मागायला टपलेला... वसतिगृहात टाकायला. आणि हा? डावीकडे सही करा म्हटलं की उजवीकडे करणार. प्रतिज्ञापत्राच्या मागे पोरीनं मांजर काढलेलं.

"हे न्यायाधीशांना देऊ?"

"द्या की. हसतील बिचाऱ्या."

मी हसले नाही. म्हणजे... त्याच्यासमोर नाही.

सुनावणीच्या सकाळी मी नेहमीसारखं त्याचं प्रतिज्ञापत्र त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुद्दा सात — माझा लग्नाचा विचार नाही.

"सगळं खरं आहे ना?"

"सातवा सोडून."

"हे आज सांगताय? आज!"

"आजच विचारलंत. महिन्यापूर्वी खरंच नव्हता विचार..."

"कोण आहे ती?"

तो नुसता बघत राहिला. माझ्याकडे. फाईल उलटी धरून.

रडावं की तीच फाईल त्याच्या डोक्यात घालावी, कळेना. अहो, घरात कोण बाई येणार, हे कोर्ट तपासणारच! आदेश लांबणार, काकाला आयतं कोलीत मिळणार.

"मग खोटं बोलू?" त्यानं हळूच विचारलं.

"खबरदार!"

मी वकीलपत्र सोडलं. अशिलाच्या प्रेमात पडलेल्या — हो, पडले होते! — बाईला त्याच्या बाजूनं उभं राहता येत नाही. माझ्या सीनियर उभ्या राहिल्या. डोळे वटारून. सातवा मुद्दा आता खरा नाही, हे त्यांनी कोर्टाला सांगितलं.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ती बाई इथे आहे?"

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

"या माणसाशी लग्न करणार?"

विचारलंय तेवढंच बोला, असं मी अशिलांना घोकून घोकून शिकवते. आणि स्वतः?

"मॅडम, हा तारखा विसरतो, सह्या चुकतो, जीव खातो माझा! पण पोरीची वेणी घालायला शेजारणीकडून शिकून आलाय. रोज वाकडीच घालतो, पण घालतो... आणि मला तर यानं अजून विचारलंसुद्धा नाही!"

"हो की नाही, एवढंच सांगा."

"...हो."

आदेश महिनाभर लांबला. समाजसेविका माझीही चौकशी करून गेली. पोरीला विचारलं, ही बाई कशी आहे?

"ओरडते," पोरगी म्हणाली. "पण मामावर. माझ्यावर नाही."

दत्तक मंजूर झालं.