भिंतीतला हात

ओट्यावरची वाटी आपोआप सरकली आणि शेगडीला लागून किणकिणली. कणीक मळणारी मोनाली थबकली. या घरात बाहेरचा आवाज येत नसे, चंद्रपूरचा एकोणपन्नास अंशांचा उन्हाळाही येत नसे. खालच्या जुन्या कोळसा खाणीमुळे जमीन खचत होती. आज ती कालपेक्षा जास्त कलली होती. उद्या वस्ती रिकामी करायची होती.

समोरच्या कुंदाताईंचं घर सकाळीच गेलं. कारखान्यातून तयार आलेल्या दोन खोल्या क्रेननं पडद्यांसकट उचलून ट्रेलरवर ठेवल्या. "डबा म्हणून हसत होतीस ना व माय," कुंदाताई म्हणाल्या आणि ट्रेलरमागं निघाल्या.

पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा देवानंदही म्हणाला होता, डबा तापतो, पण हलवता तरी येतो. मोनालीच हटून बसली होती: चाकांवर आलेलं घर चाकांवरच जातं, मला मूळ धरणारं हवं. तो घरं जोडणारा फिटर होता. त्यानं जिवंत पॅनेलचं घर उभारलं. दोन पातळ पत्र्यांमध्ये धानाच्या तुसावर वाढवलेली बुरशी. रोज पाणी दिलं की ती घर गार ठेवते, आणि आठवडाभरात सांधे विणून चारही भिंतींचं एक अंग करते. शेवटचं पॅनेल मिटण्याआधी घरधनिणीचा पंजा मऊ गाभ्यात उमटवायची फिटर लोकांची रीत. तिला आठवा महिना होता, वाकवेना. म्हणून त्यानं स्वतःचा उमटवला.

दुसऱ्या उन्हाळ्यात दुसऱ्याचं छप्पर बसवताना त्याला ऊन लागलं. घरी आणेपर्यंत तो गेला होता.

दुपारी त्याच्या जोडीचा मडावी करवत घेऊन आला. तिनंच बोलावलं होतं, पंजाचा तेवढा तुकडा कापून द्यायला. त्यानं भिंतीवर हात ठेवला, बराच वेळ काढला नाही.

"कापतो, वहिनी. पण अंगापासून तुटला की गाभा मरते. दोन दिवसांत भुसा होईल."

"आणि राहू दिला तर?"

"ओल आहे तोवर जगंल."

मोनालीनं करवत त्याच्या पिशवीत परत ठेवली.

लेक ऊर्वी रोजच्यासारखी तांब्या घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं भिंतीच्या खाचेत पाणी ओतलं आणि पत्र्याला गाल लावला.

"आई, उद्यापासून बाबांना पाणी कोण देईल?"