सुतळी धावली ती रात्र

आधी तो पंखा बंद करा. तिला गार लागतं. आणि चष्मेवाल्या, मोबाईल खिशात टाक. हिच्याजवळ बसायचं म्हणजे हिच्याकडे बघायचं. "काका, ऑपरेशन झालं, कुत्री झोपली, मग तीन-तीन माणसांनी जागायचं कशाला?" हे मघाशी तूच म्हणालास ना? सांगतो कशाला. मी काही डॉक्टर नाही. या जनावरांच्या दवाखान्याची गाडी एकवीस वर्षं चालवली, एवढीच माझी अक्कल. पण जिच्यावर हे बेतलं ती माझी सख्खी मावसबहीण. तिला खोटं बोलायची सवय नाही. भांडायची आहे.

सात वर्षं झाली. बुधवार, सतरा जानेवारी, रात्रीचे पावणेदहा. दवाखान्यात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणायचे. दिवसाची पाळी उरकून ती घरी गेली होती, जेवली होती, आणि पायात चपला सरकवून पुन्हा निघाली होती. कामाला नव्हे, दोन गरम पाण्याच्या पिशव्या द्यायला. दवाखान्यातली एक गळत होती आणि दुसरीचं बूच कुणीतरी हरवलं होतं. पिशव्या द्यायच्या आणि दहा मिनिटांत परत. तर दारातच डॉक्टरीणबाई उभ्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, उभ्या उभ्या पेंगत होत्या. रात्रपाळीच्या कंपाउंडरला ताप भरलेला.

"ताई, आजची रात्र काढाल?"

"काढते की. घरी कोण वाट बघतंय? टीव्ही?"

आत याच खोलीत, जमिनीवर जाड गादी घालून सुतळीला निजवलं होतं. सुतळी म्हणजे कर्नलची कुत्री. कर्नल कधी सैन्यात गेले नव्हते, आवाज तेवढा होता. आयुष्यभर एकच वेड, ही शिकारी जात. लांब तोंड, खोल छाती, पोट आत गेलेलं, बरगड्या मोजून घ्या. रस्त्यावरचे लोक त्यांना तोंडावर म्हणायचे, "अहो, कुत्र्याला खायला घालत जा." कर्नल भडकायचे. ही जात राजेरजवाड्यांच्याही आधीची, माणूस घर बांधायला शिकला तेव्हापासून त्याच्यासोबत धावतेय, असं सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण निगा कशी ठेवायची ते मात्र त्यांनीच ताईला शिकवलं. कोपराला जखमा होतात म्हणून गादी जाड. जेवून लगेच पळू द्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो. थंडीत अंगावर झूल. आणि मोकळ्यावर पट्टा सोडायचा नाही, कारण ही नाकाने शिकार करत नाही, डोळ्यांनी करते. एकदा काही नजरेला पडलं आणि ती सुटली की तुम्ही घसा फोडून हाका मारा, तिला ऐकूच येत नाही.

ते कर्नल नऊ दिवसांपूर्वी गेले होते. झोपेतच. तेव्हापासून सुतळीने अन्न टाकलं. दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसायची. आणि त्या बुधवारी सकाळी काय दिसलं तिला कुणास ठाऊक, पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून तिने उडी घेतली. मागचा पाय मोडला.

कर्नलच्या मुलीने तिला कोटात गुंडाळून आणलं. मुलगी शिवणकाम करते, एकटी. तिने डॉक्टरीणबाईंचा हातच धरला. म्हणाली, "घरात आता आम्ही दोघीच उरलोय. हिला काही झालं ना, तर ते घर मला खायला उठेल." पायात सळई घातली, ऑपरेशन छान झालं. पण खरी गोची त्यानंतर असते. या जातीच्या अंगावर चरबी नाही, त्यामुळे भुलीचं औषध लवकर उतरत नाही आणि अंग गार पडत जातं. म्हणून कुणीतरी बसायचं. ऊब द्यायची, कूस बदलायची, थर्मामीटर बघायचा. "शंभरच्या आसपास राहू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सत्त्याण्णवच्या खाली गेला तर मला उठवा. आणि पाय हलवायला लागली की समजा, शुद्धीवर येतेय." फोन बाहेर व्हरांड्यात होता. त्या वरच्या मजल्यावर जाऊन झोपल्या. ताईने दाराला आतून कडी घातली, कारण थंडगार वारा येत होता.

एक वाजेपर्यंत सगळं ठीक. ताप नव्व्याण्णव. सुतळीचे डोळे उघडेच होते. भुलीत तसे राहतात, त्यांत मलम घालावं लागतं. ताईने ते घातलं, पिशव्या बदलल्या, कान चोळले, शेजारणीची चार गाऱ्हाणी सुतळीला सांगून घेतली.

दोन वाजून वीस मिनिटांनी बाहेर शीळ वाजली.

दोन आखूड, एक लांब.

ताईला वाटलं, कुणी सायकलवाला असेल. तेवढ्यात सुतळीचा पुढचा पंजा हलला. मग दुसरा. मग मागचा धड पाय. ताईला कोण आनंद झाला. "आलीस का ग? शाब्बास. चल, चल माझी बाय, चल लवकर." ती चक्क टाळ्या वाजवत होती. आणि पाय जोरात हलायला लागले. कुशीवर पडल्या पडल्या सुतळी धावत होती.

ताईने थर्मामीटर लावला. सत्त्याण्णव.

म्हणाली, चुकीचा लागला असेल. पुन्हा लावला. शहाण्णव.

जनावर हातपाय हलवतंय म्हणजे अंग तापायला हवं. हे गार पडत होतं. आणि पुन्हा तीच शीळ. या वेळी बाहेर नाही... व्हरांड्यात.

ताईने सुतळीच्या तोंडाशी वाकून डोळ्यांत बघितलं. खोलीत एकच मिणमिणता दिवा, त्या मानाने बाहुल्या मोठ्या असायला हव्यात. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. भर दुपारच्या उन्हात होतात तशा. आणि डोळ्यात दिव्याचं प्रतिबिंब नव्हतं. ऊन होतं. उघडं माळरान होतं. लांबवर, तिळाएवढं काहीतरी उभं होतं.

पाय धावत होते.

तीळ तांदळाएवढा झाला. मग त्याला हात दिसायला लागले. एक हात वर केलेला, बोलावणारा. टोपी दिसली. ताईने ती टोपी ओळखली, कर्नलची.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सुतळी शुद्धीवर येत नव्हती. सुतळी निघाली होती. आणि आपण टाळ्या वाजवून तिला पुढे घालत होतो.

तिने हाका मारल्या. "सुतळे, थांब! मागे फिर!" पण तुम्हाला सांगितलं ना, धावायला लागली की हाक ऐकू येत नाही. तिने पाय धरले, ते तिच्या हातातून निसटले. फोन व्हरांड्यात, आणि व्हरांड्यात... तिकडे जायची सोय नव्हती.

पंचाण्णव.

डोळ्यातला माणूस आता बोटाच्या पेराएवढा. चेहरा दिसणार, इतक्यात तिला आठवलं. बाहेर बाकावर बसलेले असताना कुणी मांजर घेऊन आलं की कर्नल काय करायचे? ओरडायचे नाहीत. पट्टाही ओढायचे नाहीत. नुसता तळहात सुतळीच्या डोळ्यांवर ठेवायचे. दिसलं नाही की धावायचं नाही.

ताईने तळहात ठेवला.

पाय थांबले.

बाहेर... काहीच नाही. मग खोली एकदम गार पडली. कडी तशीच होती, दार हललं नाही. शीळ वाजली ती तिच्या पाठीमागे. हाताच्या अंतरावर.

ती मागे वळली नाही. तिने मला सांगितलंय, भीतीने नव्हे. वळले असते तर हात सरकला असता.

"सोड," आवाज म्हणाला. तोच आवाज, पण भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"नाही."

"माझी आहे."

"होती."

तिच्या मानेवर गार श्वास येत होता. नाही, श्वास नाही. श्वास आत-बाहेर होतो. हे नुसतंच येत होतं.

"एकटा आहे मी."

आता इथे तुमच्या-माझ्यासारखा माणूस पाघळला असता. ताईलाही वाईट वाटलं. वीस वर्षांची ओळख होती. पण मग तिला कोटात गुंडाळून कुत्री आणणारी ती मुलगी दिसली, आणि ताईचं डोकंच फिरलं.

"मग राहा एकटे," ती म्हणाली. "तुमचं वय झालं होतं, तुम्ही गेलात. ही चार वर्षांची आहे. आणि घरी तुमची पोर एकटी आहे, तिचा विचार केलात? वीस वर्षं तुम्ही मला शिकवत आलात, ताई हे करा, ताई ते करू नका. मी ऐकलं. आज तुम्ही ऐका. जिवंत कुत्र्याला मेलेल्या माणसामागे धावू द्यायचं नाही. ही माझ्या हाताखाली आहे. हिला न्यायचं तर आधी हा हात काढून दाखवा."

हातावर... काहीतरी ठेवलं गेलं.

वजन नव्हतं. गारवा होता. बोटांच्या सांध्यांत शिरला. मनगटापर्यंत. कोपरापर्यंत. तिची बोटं बधिर झाली, हात तिचा आहे की नाही ते कळेना. ती दात-ओठ खाऊन बसली. तिने तिला येतात तेवढ्या शिव्या दिल्या. पुष्कळ येतात.

तीन वाजले.

साडेतीन.

हात तिथेच होता.

चारला तिने दुसऱ्या हाताने थर्मामीटर लावला. शहाण्णव. मग साडेशहाण्णव. पावणेपाचला अठ्ठ्याण्णव झाला, आणि तळहाताखाली सुतळीची पापणी मिटली. पहिल्यांदाच. एवढं झाल्यावर ताईचाही डोळा लागला. ती कबूल करते. तिथे मी असतो तर दोन वाजताच खिडकीतून उडी मारली असती, तेव्हा तिला नावं ठेवायची नाहीत.

साडेसहाला मीच दार ठोठावलं. माझ्या गाडीतूनच कर्नलच्या मुलीला घेऊन आलो होतो. तिला रात्रभर झोप नव्हती. आतून कडी निघाली. ताईचे केस विस्कटलेले, उजवा हात पोटाशी धरलेला. तिच्या मागे गादीवर सुतळीची शेपटी पांघरुणाखाली थापथाप वाजत होती. मुलगी धावली, सुतळीच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. आणि रडता रडता एकदम गप्प झाली.

"ताई, हिचे डोळे कुणी बांधले?"

ताई म्हणाली, "बांधले कुठे? मी हात ठेवला होता."

सुतळीच्या डोळ्यांवर पट्टी होती. पट्टी आमचीच, ट्रेमधल्या गुंडाळीतली, नीट कापून घेतलेली. कानांच्या मागे गाठ. बारीक, चपटी, दोन वेढ्यांची, एक टोक आत वळवलेलं. मी दोरखंडाच्या गाठी मारत आयुष्य काढलं, तसली गाठ मी पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाई जिन्यावरून आल्या, त्यांनी शपथेवर सांगितलं की त्या खाली उतरल्याच नव्हत्या. आणि कडी आतून होती. ती निघताना मी स्वतः ऐकली.

मुलीने गाठीवर बोट ठेवलं. फार हळू.

"ही बाबांची आहे," ती म्हणाली. "शिकारीला तीन-चार कुत्री न्यायचे ना, त्यातल्या ज्या कुत्र्याला आज सोडायचं नाही, त्याचे डोळे असे बांधायचे. मी कितीदा म्हटलं शिकवा. कुणालाच शिकवली नाही."

ताई तेवढी पुढे झाली. तिने ट्रेमधली कात्री उचलली आणि गाठ न सोडता, दुसऱ्या बाजूने पट्टी कापली. सुतळीने डोळे उघडले, ताईकडे बघितलं, आणि जांभई दिली.

"आज सोडायचं नाही म्हणे," ताई म्हणाली. "उद्याचं उद्या बघू. मी इथेच आहे."

सुतळी आता अकरा वर्षांची आहे. तोंड पांढरं झालंय, थोडी लंगडते, पण मांजर दिसलं की त्या मुलीला अजून फरफटत नेते. आणि ताईने ती पट्टी टाकली नाही. या दाराच्या बाहेरच्या अंगाला, डोक्याच्या उंचीवर खिळा ठोकून अडकवली. बाहेरून येणाऱ्याला दिसावी म्हणून. उठा, जाऊन बघून या. हात लावायचा असेल तर लावा. पट्टी पिवळी पडून विरलीय, पण सात वर्षांत ती गाठ आमच्यातल्या एकालाही सोडवता आलेली नाही.