सातव्या खेपेची चूक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली आणि आत दोघंच. तिने पाहिलं, तर तो अनोळखी माणूस चक्क हसत होता. अडकल्यावर हसणारा माणूस तिला तिथेच खटकला.

"तुम्हीच ना… फौजदार?" त्याने विचारलं.

हे नाव ऑफिसात फक्त तिच्या माघारी घेतलं जाई. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटवर्क भागात येणारा प्रत्येक बदल ती तपासायची. तिचं नाव खाली लागल्याशिवाय एक ओळ आत जात नसे.

"मी नवा. सॉकेटचे हेल्पर वाढवायचं काम माझ्याकडे आलंय," तो म्हणाला.

काम दिसायला सोपं, पण निसरडं. प्रोग्रॅम सॉकेटला, म्हणजे नेटवर्कशी जोडणाऱ्या दाराला, सूचना पाठवतो, आणि ती किती लांब आहे हेही तोच सांगतो. आता सूचनेत नवे रकाने यायचे होते. जुने प्रोग्रॅम मात्र आखूडच पाठवणार. ती सूचना आत घेणाऱ्या हेल्परने, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्याने, आधी लांबी तपासावी, दिलं असेल तेवढंच उचलावं, उरलेलं शून्याने भरावं. बाहेरच्याच्या शब्दावर विसंबू नये, हा नियम तिने घरीही लावला होता. "तू नवऱ्याचीही कागदपत्रं तपासशील," ताई म्हणायची.

नव्याचा कोड आला. चोख! फक्त शेऱ्यात, म्हणजे कोडसोबत लिहिलेल्या माहितीत, एक चूक. तिने बोलावून दाखवली. दुसऱ्या खेपेला दुसरीच. अशा सहा खेपा झाल्या. एवढा हुशार माणूस दर वेळी मोजून एक चूक कशी करतो? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि त्याची खुर्ची शेजारी सरकल्याचा आवाज आपल्याला आवडू लागलाय, याचा तर तिला जास्तच संशय आला.

सातव्या खेपेला मात्र चूक थेट कोडमध्ये होती. हेल्पर लांबी न तपासताच नव्या मापाने सगळं उचलत होता… जुन्या प्रोग्रॅमने न दिलेलंही! म्हणजे सहा वेळा गोड बोलून सातव्यांदा भगदाड?

"कुणी पाठवलंय तुला?" रागात 'तुम्ही' कधीच गळून पडलं.

त्याने स्क्रीन पाहिली. चेहरा पांढराफटक.

"ही… ही मी मुद्दाम नाही केली."

"ही नाही? म्हणजे आधीच्या —"

"त्या मुद्दाम. फक्त शेऱ्यांतल्या हं, कोडला हात नाही लावला. चूक नसली की तुम्ही बोलावतच नाही!"

"आणि ही?"

"शेऱ्यात आता कुठली चूक घालू, याच विचारात होतो… कोडकडे लक्षच राहिलं नाही."

तिला हसू आलं. तिने ते गिळलं. "यावर मी विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. तपासा."

तिच्यासमोरच त्याने सगळ्यांना लिहिलं: बदल मागे घेतोय, चूक माझी, पकडली यांनी.

आठवी खेप तिने सकाळपासून उलटीपालटी केली. आखूड सूचना दिली, लांब दिली, धडधडीत खोटी लांबी दिली. हेल्पर जागचा हलला नाही. शेऱ्यात स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. तिने खाली आपलं नाव लावलं, आणि मन एकदम खट्टू झालं. आता त्याला बोलवायचं तरी कशासाठी?

मग ती उठली आणि पहिल्यांदाच त्याच्या टेबलाशी गेली. तो धडपडत उभा राहिला.

"काय सापडलं?"

"काहीच नाही."

"मग… आलात कशाला?"

"तू मला आवडतोस म्हणून," ती म्हणाली. "आणि हे मी अजिबात तपासून पाहिलेलं नाही."