चंद्रावरची खिडकी आणि आईचा संगणक

"मी आता जे सांगणार आहे ना, ते अख्ख्या जळगावात कुणाला खरं वाटायचं नाही," असं म्हणून कृत्तिकेच्या आजोबांनी, आबा भिरूडांनी, खुर्ची पुढे ओढली.

"मग नकाच सांगू ना, आबा!" आईने कपाळाला हात लावला. पण तो आबांमुळे नव्हे, समोरच्या संगणकामुळे. पडद्यावर एक निळं चक्र गरगर फिरत होतं आणि फिरण्यापलीकडे काही करत नव्हतं.

कृत्तिकेला तर तोंड उघडायची सोयच नव्हती, कारण हा संगणक तिने निवडला होता.

आई दृष्टिहीन मुलांसाठी बोलकी पुस्तकं तयार करायची. धडा वाचायचा, त्यात पावसाचे, पाखरांचे, यंत्रांचे आवाज मिसळायचे आणि शाळांना पाठवायचं. तिचं ऑफिस म्हणजे बैठकीच्या खोलीतला कोपरा. जुना संगणक बंद पडला, तेव्हा अख्खी इमारत सल्ला द्यायला लोटली. शेजारचे फेगडेकाका म्हणाले, "वेगळा डबा, वेगळा पडदा. आमच्याकडे तेच आहे." मामाने फोनच्या पडद्यावरूनच हात नाचवले, "लॅपटॉप घे, ताई, लॅपटॉप!" कृत्तिका म्हणाली, "ऑल-इन-वन."

तिने उगीच म्हटलं नव्हतं. कोपरा लहान, आईला पडदा मोठा हवा, आणि तारांच्या जंजाळात आबांचा पाय दर दोन दिवसांनी अडकायचा. दुकानातला सल्लागार यंत्रमानव, त्याचं नाव तत्पर, त्यानेही नीट समजावलं होतं. "ऑल-इन-वनला वेगळा डबा नसतो. डब्यातलं सगळं सामान पडद्याच्या पाठीशीच बसवलेलं असतं. तार एक, जागा थोडी. मात्र पडदा बिघडला तर सगळं यंत्रच दुरुस्तीला जातं, हे ध्यानात ठेवावं."

"आणि रॅम? रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती) किती घ्यायची?" कृत्तिकेने विचारलं होतं.

"रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. साठवण म्हणजे फडताळ. फडताळ कमी पडलं तर बाहेरून जोडता येतं. पण अशा बारीक यंत्रात ओटा बहुधा मागाहून वाढवता येत नाही. म्हणून तो आधीच ऐसपैस घ्यावा."

तो ऐसपैस घेतला. सगळं विचारून, पारखून घेतलं. आणि तरीही हा शहाणा कामाला बसला की थोडा वेळ हरणासारखा पळायचा आणि मग असा काही रुसायचा की आईच्या धड्यातला बेडूक 'डराँव' म्हणायला सुरुवात करायचा आणि 'व'पर्यंत पोचायचाच नाही.

आज परत करण्याची मुदत संपत होती. तत्पर यंत्र न्यायला दारात येऊन उभा होता. यंत्र गेलं की आई भुसावळच्या प्रकाशकांच्या ऑफिसात बसणार होती. तिने तसा होकार कळवलाही होता. म्हणजे सकाळी कृत्तिका उठायच्या आत जायचं आणि दिवेलागणीनंतर यायचं. त्यात गॅलरीतून फेगडेकाका डोकावले. "मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत, काका!" आई आणि कृत्तिका एकदमच ओरडल्या.

तत्परने संगणकाशी बिनतारी बोलणं केलं. "निदान झालं. आज्ञावलीत (यंत्राने काय करायचं त्या सूचनांमध्ये) दोष नाही. प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) तापतो आहे. तापला की जळून जाऊ नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. तो आळशी नाही, बाई. तो जीव वाचवतो आहे."

"मग मी काय त्याला लिंबू-सरबत पाजू?" आई कडाडली. "बाहेर मे महिना आहे, मान्य. पण खोलीत एसी चालू आहे! मला शाल घ्यावी लागते आणि हा तापतो?"

"खोली गार आहे आणि यंत्र गरम आहे. हे मलाही उमगत नाही," तत्पर म्हणाला. कोडं सुटलं नाही की त्याच्या छातीवरचा दिवा पिवळा व्हायचा. तो झाला.

"तेच तर सांगतोय मघापासून!" आबा संधी बघूनच होते. आबांनी उभं आयुष्य केळी पिकवण्याच्या खोल्यांवर संशोधन करण्यात घालवलं होतं. एवढा भाग खरा. बाकीच्या आयुष्यात त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूला कव्हर शिवण्याचा नाद होता. जळगावची धूळ हा त्यांचा शत्रू. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि संगणक आल्या दिवशीच त्यालाही फुलाफुलांचं कव्हर. पडदा तेवढा उघडा, बाकी सगळा अंगभर झाकलेला.

"मी चंद्रावर केळी पोचवायला गेलो होतो," आबा म्हणाले. "तिथल्या लोकांना शिकरण खायची होती."

"आबा, आज नको," आई म्हणाली.

"ऐक तर, सोनल. तिथल्या ऑफिसात अस्साच ऑल-इन-वन. बाहेर चंद्रावरची रात्र. थंडी अशी, की आपला बर्फ तिथे गेला तर स्वेटर मागेल. आणि आत संगणक मात्र तव्यासारखा! मोठमोठे शास्त्रज्ञ डोकं धरून बसलेले. मी म्हटलं, बाजूला व्हा. गेलो आणि खिडकी उघडली. आला की हो बाहेरून गारेगार वारा! संगणक तर थंड झालाच, पण साहेबांची टोपी उडाली ती..."

"आबा, खोटं!" कृत्तिका ताडकन उठली. "चंद्रावर वारा कुठला? तिथे हवाच नाही! खिडकी उघडली असती तर खोलीतली हवाच बाहेर पळाली असती, तुमच्यासकट!"

"बरं, वारा राहू दे. थंडी तर आहे? थंडीने नाही का गार होणार?"

"नुसती थंडी बाहेर असून काय उपयोग? उष्णता उचलून न्यायला कुणीतरी हवं ना! इथे ते काम हवा करते. गरम वस्तूला लागलेली हवा तापते, तापली की हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी गार हवा येते."

"याला अभिसरण (हवेच्या किंवा पाण्याच्या वाहण्याने उष्णता पसरणं) म्हणतात," तत्पर म्हणाला. "चंद्रावर उघड्यावर ते होत नाही. तिथे उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे हवेच्या मदतीशिवाय, उजेडासारखी. त्याला वेळ लागतो."

"तुमच्या केळ्यांचंही तेच ना, आबा? पिकताना केळी आतून गरम होतात. म्हणून खोक्यांना भोकं ठेवायची, दोन थप्प्यांत फट ठेवायची. खोली कितीही गार असली तरी खोक्यात हवा शिरली नाही, तर मधली केळी..."

ती बोलता बोलता थांबली. मग टेबलाला वळसा घालून संगणकाच्या मागे गेली.

फुलाफुलांचं जाडजूड कव्हर वरपासून खालपर्यंत ताणून बसवलेलं होतं. तिने हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"आई, एसीची हवा याच्या अंगाला लागतच नाहीये! आपण याच्या पाठीशी चंद्र करून ठेवलाय!"

टचाटच बटणं काढून तिने कव्हर ओढलं. आत पडद्याच्या पाठीवर बारीक फटींच्या रांगा होत्या. आतला छोटा पंखा घरघरला आणि तिच्या तळव्यावर गरम हवेचा झोत आला. जरा वेळाने तो झोत कोमट झाला. पडद्यावरचं चक्र नाहीसं झालं आणि कितीतरी वेळ अडकून पडलेला बेडूक खणखणीत आवाजात 'डराँव' म्हणाला. पूर्ण.

तत्परचा दिवा हिरवा झाला. "तापमान उतरलं. वेग पूर्ववत. यंत्र न्यायचं आहे का?"

"हात तर लावून बघ!" आई म्हणाली. मग तिने फोन उचलला आणि भुसावळला कळवलं की ती येणार नाही, पुस्तकं मात्र वेळेवर येतील. फोन ठेवल्यावर तिने कव्हराकडे असं काही पाहिलं, की आबा खुर्ची मागे सरकवू लागले.

"तत्पर, उद्या चंद्रावर खरंच ऑफिसं झाली तर?" कृत्तिकेने विचारलं. "बाहेर हवा नाही, मग एवढ्या सगळ्यांची उष्णता शेवटी टाकायची कुठे?"

"नळ्यांतून द्रव खेळवून ती बाहेरच्या रुंद पत्र्यांपर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणाने सोडायची. पत्र्याचं क्षेत्रफळ जेवढं मोठं, तेवढी उष्णता जास्त बाहेर."

"मग मी तसलंच काहीतरी बनवणार," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर चांदण्यांखाली पंख पसरून बसलेलं एक ऑफिस उभं राहिलं.

"बनव, बनव," आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "खरं सांगू? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, सगळा घोळ कव्हराचा आहे. पण पोरीने आपल्या डोक्याने शोधावं, म्हणून मी गप्प राहिलो आणि तो वारा मुद्दाम सोडला."

"आबा, खोटं!" कृत्तिकेने कव्हर उलटं करून सगळ्यांसमोर धरलं. "मग कालच मला सुईत दोरा ओवायला लावून याला आतून फ्लॅनेलचं अस्तर कशाला लावलंत?"