धुक्यातलं नववं निशाण

चेंडू दिसण्याआधी ऐकू आला. टप्... मग तेल पाजलेल्या काळ्या वाळूवरून घरंगळत, सावकाश, जणू कुणाला वाट विचारत विचारत तो आला आणि वासंतीच्या पायाशी थांबला.

ती सहाव्या निशाणाजवळ, बेहड्याच्या झाडाखाली उभी होती. भाद्रपदातलं धुकं राजूर घाटातून वर चढून साऱ्या कुरणावर पसरलं होतं. सकाळ झाली होती, पण उजेड नेमका कुठून येतोय ते समजत नव्हतं.

"कोण हसलं?" धुक्यातून एका पुरुषाचा आवाज आला.

वासंती हसली नव्हती. पण हसल्यासारखं काहीतरी तिनंही ऐकलं होतं... खाली, दरीच्या बाजूला. 

पावलं जवळ आली आणि थबकली. उंचापुरा तरुण, अंगात भिजलेला कोट, हातात गोल्फची काठी. त्यानं समोर पाहिलं. मोतिया रंगाचं पातळ, मोकळे ओले केस आणि त्याखाली जमीनच नसावी असं दाट धुकं. तो चटकन मागे सरकला.

"बाई, एक विनंती हाये," तो म्हणाला. "रागावू नका. पण आधी पाय दाखवा."

"काऊन?"

"सरळ असले तर बोलतो. उलटे असले तर पळतो."

वासंतीनं ओठ घट्ट दाबले. निऱ्या किंचित उचलल्या आणि लगेच सोडल्या. "दिसले?"

"धुकं लय हाये. नीट नाही दिसले."

"मग पळा."

तो पळाला नाही. खाली वाकून त्यानं चेंडू उचलला आणि वाकल्या वाकल्याच तिच्या पायांकडे एक चोरटी नजर टाकली. "सरळ आहेत," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं हसणं मघाच्या हसण्यासारखं नव्हतं. ते वासंतीला बरं वाटलं.

त्याचं नाव इंद्रभान. मलकापूरकडच्या देशमुखांचा मुलगा. इंजिनियर होऊन सरकारी नोकरीत शिरला होता आणि पावसानं खचलेला घाटरस्ता दुरुस्त करायला बुलढाण्याला आला होता. गोल्फ तो पचमढीला शिकला, साहेबाच्या हाताखाली. आणि हे मैदान होतं वासंतीच्या वडिलांचं, उत्तमराव देशमुखांचं, घाटमाथ्यावरच्या त्यांच्या स्वतःच्या कुरणात आखलेलं. नऊ निशाणं, नऊ होल, वाटेत चेंडू अडकवायला वाळूचे खड्डे. हिरवळ उन्हाळ्यात टिकत नाही म्हणून प्रत्येक होलभोवती काळ्या वाळूचं गोल अंगण. बुलढाण्याचे अंमलदार, अकोल्या-अमरावतीचे वकील, कधीमधी नागपूरचे साहेब, उत्तमरावांच्या बोलावण्यावरून सारे इथे खेळून जात.

आणि जाताना काहीतरी बोलून जात. बंगल्याच्या ओसरीवर चहा घेता घेता एक वकील म्हणाले होते, "इतकं सुंदर मैदान मी पाहिलं नाही. पण एकटा पुन्हा येणार नाही." एका साहेबानं सांगितलं, की मी कुठे चुकणार हे त्या जमिनीला माझ्याआधी ठाऊक होतं. तिसरे एक गृहस्थ खेळ अर्धा टाकून परत आले. घाम पुसत म्हणाले, "माझ्या मागून कोणीतरी चालत होतं हो. मी थांबलो की थांबायचं."

हे ऐकलं की उत्तमरावांचे डोळे चमकत. "तो माहा भालू," ते म्हणत.

भालू म्हणजे भालचंद्र, वासंतीचा मोठा भाऊ. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला तो गोल्फचं वेड घेऊनच. वऱ्हाडात कुठं नाही असं मैदान करतो म्हणाला, वासंतीला बरोबर घेऊन सारं कुरण पालथं घातलं, तिला काठी धरायला शिकवली... आणि एक खुंटी ठोकायच्या आत विषमज्वरानं गेला. त्यानंतर उत्तमरावांनी गड्यांना सांगितलं, "वासंती म्हणन तसं करा. भालूनं तिले सारं सांगून ठेवलं हाये."

भालचंद्रानं तिला काहीच सांगून ठेवलं नव्हतं. पण वडील पुन्हा जेवायला लागले होते, उठून कुरणात यायला लागले होते. वासंती गप्प राहिली आणि खुंट्या ठोकत गेली.

त्या भेटीनंतर इंद्रभान रोज सकाळी येऊ लागला. घाटावर कामाला जायच्या आधी त्याचे दोन-तीन होल खेळून होत, आणि वासंती कुठल्यातरी झाडाशी उभी असे, योगायोगानं.

"आज चौथ्यापाशी?" तो विचारी.

"फुलं वेचायला आले."

"बाभळीची?"

ती मान वळवी. मान वळवली तरी कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसत.

एक दिवस तो तिसऱ्या होलवर चेंडू न मारताच उभा राहिला. रिमझिम चालू होती, आणि धुकं जमिनीला धरून कुत्र्यासारखं हुंगत फिरत होतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "ज्यानं हे मैदान आखलं, त्याच्या मी प्रेमात पडलोय."

वासंतीच्या हातातली छत्री हलली.

"हसू नका. खेळताना माणूस समजतो. हा जोर दाखवणारा नाही. चालणारा आहे. प्रत्येक होल आधी नाही म्हणते, मग हळूच वाट देते. जिथं दरी दिसते तिथं मुद्दाम थांबायला लावते... रोज कोणीतरी माझ्या शेजारून चालते, वासंतीबाई. मले भीती वाटते. अन् उद्या केव्हा येतो असंही होते."

"दादा गेला," ती कशीबशी म्हणाली. "मेलेल्या माणसावर काय प्रेम करता?"

"तेच म्हणतो ना. मोठी पंचाईत आहे."

तो बोलता बोलता चेंडू ठेवायला खाली बसला आणि तसाच राहिला. मग अर्धवट उठला. पुन्हा वाकला. त्याचं हसू मावळलं.

"इकडे या," तो म्हणाला. "इथं उभ्या राहा. समोर काय दिसते?"

"उंचवटा. मागं निशाण."

"वाळूचा खड्डा?"

"तो दिसत नाही. उंचवट्याआड आहे."

"मले दिसतो. सरळ उभा राहिलो की पूर्ण दिसतो. तुमच्या उंचीला वाकलो की बरोबर झाकला जातो." त्याचा आवाज अगदी खाली आला. "चौथ्यावर तसंच. सहाव्यावर तसंच. ओसरीवर भालचंद्रांची तसबीर पाहिली मी. ते दारात उभे आहेत, चौकटीला डोकं लागेल एवढे उंच. वासंतीबाई... माझ्या शेजारून रोज कोण चालते?"

छत्रीवरून पाणी ओघळत राहिलं. वासंतीनं वर पाहिलं. त्या एका नजरेत त्याला सारं समजलं, आणि तिलाही समजलं की त्याला समजलं.

"मी वाईट केलं का हो?" तिनं विचारलं.

"मी तुमच्याच प्रेमात आहे," तो म्हणाला. "एवढंच मले समजलं. बाकीचं सांगा."

तिनं सांगितलं. वडिलांचं, गड्यांचं, एकटीनं उन्हात मोजलेल्या अंतरांचं. आणि मग थांबून ती म्हणाली, "पण नववं माझं नाही."

शेवटच्या होलनं बंगल्याकडे परतायला हवं होतं आणि मधे खडकाळ नाला आडवा होता. तिला काही सुचेना. तिनं तो तुकडा तसाच सोडून दिला होता. एका धुकट सकाळी ती आली तेव्हा खुंट्या ठोकलेल्या होत्या. नाल्याच्या अल्याड, पल्याड, थेट बंगल्याच्या पायरीपर्यंत. गड्यांनी शपथेवर सांगितलं, आम्ही नाही. दहशतीनं ते दोन दिवस कामावर आले नाहीत. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "मले काऊन विचारतं? भालूले विचार."

दोघं नवव्या होलपाशी गेली. धुक्यात नाला वाहत होता, दिसत नव्हता. वासंती सुरुवातीच्या खुंटीजवळ उभी राहिली. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं, पलीकडचं निशाण आणि त्याच्या अलीकडचा वाळूचा खड्डाही. काहीच लपलेलं नव्हतं.

मग इंद्रभान त्या जागी उभा राहिला. बाभळीची एक आडवी फांदी नेमकी त्याच्या डोळ्यासमोर आली. खड्डा नाहीसा झाला.

तो वाकला. खड्डा दिसला. उभा राहिला. गेला.

"ही जागा उंच माणसानं ठरवली," तो हळूच म्हणाला. "उंच माणसाला फसवायला."

वासंतीच्या अंगावर काटा आला. "दादा असाच होता. स्वतःलाच फसवायचा, अन् मग हसत सुटायचा."

दोघांनी एकदमच दरीकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं. नुसतं धुकं, आणि त्यात वाऱ्याची एक बारीक शीळ.

कोजागिरीच्या सुमाराला घाटरस्ता पुरा होत आला. इंद्रभानची चांद्याला बदली झाल्याचं समजलं. त्याच दुपारी तो ओसरीवर येऊन उत्तमरावांसमोर बसला. वासंती दाराआड उभी होती. तिची आत्या, कौशल्याबाई, चहाचा पेला हातात घेऊन तिच्याशेजारीच थबकली.

"माझ्या काकांना रीतीनं पाठवतोच," तो म्हणाला. "पण आधी स्वतः विचारावं वाटलं. वासंतीसाठी आलो."

उत्तमराव बुटके, दुखऱ्या गुडघ्यांचे, वेताच्या खुर्चीत पार बुडालेले. त्यांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं.

"घर चांगलं, पोरगा चांगला. पन मले तिले देता येत नाई."

"काऊन जी?"

"तुमी खेळता ना? सोबत कोनी चालून राह्यलं असं वाटते ना?"

इंद्रभानला खोटं बोलवेना. "वाटते."

"तो माहा भालू हाये. अन् तो फक्त तिच्याशी बोलते. ती चांद्याले गेली तं तो कोनाशी बोलन?"

कौशल्याबाईनं पेला तसाच खाली ठेवला. दाराआड वासंतीनं डोळे मिटून घेतले. आजवर तीन स्थळं का परत गेली, ते तिला आज पहिल्यांदा समजलं.

संध्याकाळी, पाचव्या होलच्या उतारावर तो तिला भेटला.

"मी सांगणार नाही त्यांना," तो म्हणाला. "ते तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणाल तर मी चांद्याला एकटा जातो."

"मी सांगितलं तर दादा त्यांच्यासाठी पुन्हा मरते."

"अन् नाही सांगितलं तर?"

तिनं गवताची काडी बोटाभोवती गुंडाळली. "तर मी विरत जाईन. आताच लोक मले पाहत नाहीत. माझ्या मागं कोण उभं हाये, ते पाहतात." तिनं काडी टाकून दिली. "तुम्ही एकट्यानं मले पाहिलं."

त्यानं हात पुढे केला... आणि तिला हात लावायच्या आधी थांबवला. पण त्या थांबलेल्या हाताची ऊब तिला जाणवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा धुकं पडलं. वासंती वडिलांचा हात धरून त्यांना फिरायला घेऊन आली. दोघं तिसऱ्या होलपर्यंत गेली.

"काय म्हनते भालू?" उत्तमरावांनी रोजच्यासारखं विचारलं.

"बाबा, तो काही म्हणत नाही. कधीच म्हणाला नाही."

म्हातारा चालायचा थांबला.

"हे मीच केलं," ती म्हणाली. "हा उंचवटा मी ठरवला. ते झाड मी राखलं. तुम्ही जेवत नव्हता, बाबा... तुम्ही म्हणालात भालूनं सांगितलं, अन् मी नाही म्हटलं नाही. मले मारा. पण मी हाये इथं. एकटी मीच हाये."

उत्तमरावांनी हात सोडवून घेतला. काठी टेकत ते एका जागी गोल फिरले, उंचवट्याकडे, झाडाकडे, निशाणाकडे पाहत. पाहिलेलं सगळं पुन्हा पाहत होते.  वासंतीला वाटलं, आता हा माणूस इथंच कोसळणार.

"चौथं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"बेहड्याजवळचं?"

"तेही मीच, बाबा."

"अन् नववं?"

वासंतीनं खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "ते माझं नाही. कोणाचं, मले माहीत नाही. शपथ."

उत्तमरावांनी लांब श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"आठ तुही, पोरी," ते म्हणाले. "लय सुंदर केले. मले सांगाचं होतं... मी लोकाईले तुहं नाव सांगतलं असतं." त्यांनी तिच्याच पदराच्या टोकानं तिचे डोळे पुसले. "त्याचं एक. मले एक पुरते. जाय, त्या इंजिनियरले सांग, काकाले घेऊन ये म्हना."

इंद्रभान नाल्याच्या पुलाशी वाट पाहत उभा होता. वासंती धावतच आली. दम लागला होता, केस सुटले होते. तिच्या मागून उत्तमराव काठी टेकत आले. त्या दोघांकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकटेच नवव्या होलच्या वाटेला लागले. धुक्यानं आधी त्यांचे पाय नेले, मग पाठ, मग पागोटं.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज येऊ लागला. ते कुणाशीतरी बोलत होते. वाक्य बोलत, थांबत. थांबणं अगदी समोरचा बोलून होईपर्यंतचं. मग पुन्हा बोलत. आणि मग ते मोठ्यानं हसले, थट्टा ऐकल्यावर माणूस हसतो तसे.

इंद्रभाननं हातातली काठी घट्ट धरली. तो एक पाऊल पुढे सरकला.

वासंतीनं त्याचा हात धरला, पहिल्यांदाच. तिचा तळवा गार होता आणि पकड पक्की होती.

"नका जाऊ," ती कुजबुजली. "बोलू द्या त्यांना."

"तुम्हाले भीती नाही वाटत?"

"वाटते ना..." ती त्याच्या अगदी जवळ सरली. "म्हणून तं धरलं. आता चांद्यापर्यंत सोडायची नाही मी."