आत्याबाईंच्या पायातली वादी

माणसांच्या हनुवट्या कमी करणं हा माझा तीस वर्षांचा धंदा आहे. दुहेरी असेल तर एकेरी करतो. तीळ विचारून काढतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं न विचारता काढतो. गिऱ्हाईक फोटो बघतं, "अगदी माझ्यासारखा आलाय" म्हणतं आणि खूश होऊन जातं. या धंद्यात खोटेपणाचा आरोप आजवर कोणी केला नाही. भांडणं झाली ती खरा फोटो दिला तेव्हाच.

त्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या केंद्राच्या संचालकांनी अकरा पोर्ट्रेटांचं काम सांगितलं तेव्हा मला ते सोपं वाटलं. पक्ष्यांना हनुवटी नसते.

केंद्रात माझी थोरली बहीण एकोणीस वर्षं काम करते. पक्ष्यांचं खाणं, औषधपाणी, पाय तपासणं, सगळं ताईकडे. पक्षी पत्र्याच्या शेडखाली लाकडी ठोकळ्यांवर बसलेले असतात. प्रत्येकाच्या डाव्या पायात बोटभर रुंदीची लांब चामड्याची वादी, वादीला पितळी कडी, कडी ठोकळ्याला. सहा हातांपर्यंत उडायची पूर्ण मोकळीक.

"वाद्या फोटोत दिसायला नकोत," संचालक म्हणाले. "शुक्रवारी परवाना समिती येतेय. पक्षी बांधून ठेवायचे नाहीत असा नवा नियम आलाय."

"मग सोडा की," ताई म्हणाली.

"समिती शेडपर्यंत येत नाही हो. बैठकीच्या खोलीत बसते, भिंतीवरचे फोटो बघते, चहा घेते, सही करते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मुरुमं काढता ना, तसंच समजा."

ताईने मला शेडच्या टोकाला नेलं. तिथे केंद्रातली सर्वांत म्हातारी गरुड मादी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत, कारण आलेल्या प्रत्येकाकडे ती, त्याने आपल्याला न विचारता घर विकलंय, अशी बघायची. तिच्या पायातली वादी मांसात रुतली होती. चामड्यावर रुपयाएवढा काळा डाग होता, सुकलेल्या रक्ताचा.

"आणखी दोन महिने हे असंच राहिलं तर पाय जाणार," ताई म्हणाली. "आणि एका पायाचा गरुड जगत नाही. साहेबांना तीन अर्ज दिले. म्हणतात, आधी परवाना, मग बघू."

"फोटो साफ आले तर परवाना मिळणार."

"आणि मग कोणी बघणार नाही," ताई म्हणाली. "मला काय विचारतोस? कामं तू घेतोस."

मी काम घेतलं होतं.

शेडशेजारच्या कोठीत काळं कापड लावलं, एक मोठा दिवा, एक छोटा. ताई एकेक पक्षी हातमोज्यावर आणून ठोकळ्यावर बसवायची. या पक्ष्यांना पापणीच्या आत आणखी एक दुधाळ पापणी असते आणि फ्लॅश उडाला की नेमक्या त्याच क्षणी ती डोळ्यावरून सरकते. दहापैकी आठ फोटोंत डोळा पांढरा. आत्याबाईंचे चाळीस काढले, एकोणचाळीस पांढरे. चाळिसाव्याला तिने पापणी हलवली नाही. फ्लॅश उडाला, ताई दचकली, मी दचकलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

जाताना ताईचाही एक फोटो काढला, अंगणात, हातावर आत्याबाई, पूर्ण उभा. घरी लावायला.

शनिवारी सकाळी कामाला बसलो. चित्र तिप्पट मोठं करायचं, शेजारचे पिवळे खवले उचलून वादीवर बसवायचे, सांधा दिसणार नाही असा घासायचा. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अकराही पाय मोकळे झाले. बारीक काम होतं आणि ते चांगलं जमलं होतं, हे नमूद करायला मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटली नव्हती, एवढंच.

रविवारी फायली उघडल्या तर अकराही वाद्या जागच्या जागी.

मी साठवायला विसरलो असणार. पण फाईलवर वेळ होती: शनिवार, एक वाजून दहा. मग संगणक जुना झाला असणार. मग मी. पन्नाशीनंतर माणूस कुठलाही दोष आनंदाने वयावर टाकतो. मी पुन्हा अकरा वाद्या काढल्या, या वेळी दोन ठिकाणी साठवलं आणि बायकोला बोलावून दाखवलं.

"छान," बायको म्हणाली. "पण हे बिचारे आता जास्तच बांधल्यासारखे वाटतात."

सोमवारी वाद्या परत आल्या नाहीत. मी हुश्श केलं.

दुपारी एक निवृत्त मास्तर त्यांचा फोटो मोठा करून घ्यायला आले. आदल्या आठवड्यात मीच काढलेला, खुर्चीत बसलेले, पूर्ण. पडद्यावर उघडला. विजारीच्या काठाखाली, मोज्याच्या वर, डाव्या पायात चामड्याची वादी होती. पितळी कडीसकट.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"सावली," मी म्हणालो.

"सावलीला कडी असते?"

मी त्यांना बुधवारी यायला सांगितलं, दुकानाचं दार लावून घेतलं आणि त्या आठवड्यातले सगळे उभे फोटो उघडले. शाळेतली एक मुलगी. नवरानवरी, दोघंही. बढती मिळालेला कारकून, ऐटीत. सगळ्यांचा डावा पाय. चामड्याचा रंग, सुरकुत्या, शिवण मला तोंडपाठ होती. दोन दिवस मी तेच खोडत होतो. मी मोजले. दहा.

अकरावी कुठे असेल हे मला कळलं होतं. तरी ती फाईल उघडायला मी पंधरा मिनिटं लावली.

अंगणातल्या फोटोत आत्याबाईंचा पाय मोकळा होता. वादी ताईच्या पायात होती. काळ्या डागासकट.

मी फोन लावला. "ताई, पाय कसा आहे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कुठला पाय?"

"डावा. कालपासून ठणकतोय. घोट्याभोवती गोल वळ उठलाय, घट्ट मोज्याचा उठतो तसा. पण आत रुतल्यासारखा." मग म्हणाली, "तू काय केलंयस?"

माझी बहीण मला लहानपणापासून ओळखते.

मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"मग परत लाव," ताई म्हणाली. "ज्याच्या आहेत त्याच्या पायात दिसू देत."

"तुझी नोकरी जाईल."

"एकोणीस वर्षं मी जखमेला मलम लावते आणि वरून वादी परत बांधते. नोकरी गेली तर दुसरं काम तरी थांबेल."

मी मूळ फायली काढल्या आणि अकराही वाद्या परत आणल्या. आत्याबाईंची तर जरा उजळही केली, डाग ठसठशीत दिसावा म्हणून. मास्तरांचा पाय मोकळा झाला, नवरानवरीचे झाले. संध्याकाळी ताईचा फोन आला. ठणका उतरला होता.

गुरुवारी संचालक स्वतः दुकानात आले.

"फोटो साफ झाले?"

"अगदी साफ," मी म्हणालो. "सगळं दिसतंय."

त्यांनी पहिला फोटो बघितला, दुसरा बघितला. "चेष्टा करताय?"

"नाही साहेब. चेष्टा मागच्या शनिवारी केली होती."

"मग भिंतीवर आहेत तेच जुने फोटो ठेवीन. आणि तुमच्या बहिणीला सोमवारपासून यायचं कारण नाही."

"तिला तुम्हीच सांगा. मला ती मारते."

शुक्रवारी फोटो ताईने आणि मी लावले. संचालक समितीला आणायला फाटकावर गेले होते, तेवढा वेळ पुरला. सहा सभासद आले, बसले, चहा आला, आणि भिंतीकडे बघता बघता एकेकाचा कप खाली आला. सगळ्यांत वयस्कर बाईंनी आत्याबाईंचा फोटो जवळून बघितला आणि म्हणाल्या, "हा पक्षी मला प्रत्यक्ष बघायचाय."

"शेडकडे चिखल आहे," संचालक म्हणाले.

"बूट आहेत मला."

शेडमध्ये समितीने नियम, पोटनियम आणि मुदत यावर बोलायला सुरुवात केली. महिन्याभरात लेखी अहवाल मागवू, असं ठरत होतं. ताईने एप्रनच्या खिशातून कातर काढली, वाकली, आणि वादी घोट्यापाशी कापली.

आत्याबाई क्षणभर तो पाय वर धरून बसली. मग उडाली. सहा हात, दहा हात, पत्र्याच्या वर, आणि तशीच सरळ वर, गोल फिरण्याचा शिष्टाचार न पाळता. आम्ही माना दुखेपर्यंत बघत राहिलो.

ताईने कापलेली वादी संचालकांच्या हातात ठेवली. "ही केंद्राची मालमत्ता," ती म्हणाली. "मी चालले."

समिती कितीही रागावली तरी ग्रुप फोटो झाल्याशिवाय जात नाही. मी तो काढला. अंगणात, कडक उन्हात, सहा सभासद आणि मध्ये संचालक.

तो फोटो मी दुसऱ्या दिवशी उघडला. संचालकांच्या डाव्या पायात वादी होती. काळा डाग ओळखीचा. पण तिचं दुसरं टोक जमिनीकडे जात नव्हतं. ते सैलसर वर जात होतं, त्यांच्या खांद्यावरून, डोक्यावरून, चौकटीच्या बाहेर.

बाकी दहा पक्ष्यांच्या वाद्या समितीच्या हुकमाने बुधवारी निघाल्या. ताईला त्याच समितीने परत कामावर घेतलं. त्याच दिवशी संचालकांचा फोन आला. आवाज बसला होता.

"तुम्ही पाठवलेल्या त्या ग्रुप फोटोत माझ्या पायाशी काहीतरी आलंय. तेवढं काढून टाका."

"पाय दुखतोय का?"

"तुम्ही काय हवं ते मागा."

"काढता येते साहेब. दहा मिनिटांचं काम आहे. पण काढली की ती दुसऱ्या कोणाच्या तरी पायात जाते, आणि तो कोणी ठरवायचा? तुमच्याच पायात राहू दे."

"तुम्ही माणूस आहात की कोण?"

"फोटोग्राफर," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचे सात फोन आले. मी एकही उचलला नाही. ही गोष्ट वाचून कोणाला मी निर्दय वाटलो तर वाटू दे. ताईच्या घोट्यावरचा वळ अजून गेलेला नाही.

मी रोज सकाळी तो फोटो उघडतो. हात मात्र लावत नाही. गुरुवारी वादी ताणलेली होती. शुक्रवारी संचालकांची डावी टाच उचललेली होती. दोन्ही बाजूंचे सभासद तसेच कॅमेऱ्याकडे बघून हसत आहेत.

आज सकाळी उघडला. संचालकांच्या बुटांच्या सावल्या फरशीवर जिथल्या तिथे आहेत. बूट त्यांच्यापासून वीतभर वर आहेत.