गुळाच्या वासाची गोधडी

उसाच्या रसाचा अख्खा ग्लास माझ्या गोधडीवर सांडला आणि सांडणारा नुसता बघत राहिला... गोधडीकडे नाही, माझ्याकडे!

कोपरगावात बचत गटांचं प्रदर्शन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होतं. पावसाळाभर खपून शिवलेली माझी गोधडी आमच्या गटानं अगदी दर्शनी लावायची ठरवली होती. मधोमध लाल चिटाचा मोर. आणि आता त्या मोराच्या गळ्यातून रस ठिबकत होता.

"डोळे कुठं होते तुमचे?" मी ओरडले, पण आवाज रडवेला झाला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी गहिनीनाथ. शेजारचा गुळाचा स्टॉल आमचाच हाय. मांडववाल्यांना रस द्यायला आल्तो... पुसून भागंल का?"

"रस आहे तो! सकाळपर्यंत मुंग्या लागतील."

"मग धुऊ की. गोदावरी कुठं लांब हाय?"

आमच्या गटाच्या रेश्माताई म्हणाल्या, "संस्कृती, चल, मी पण येते." त्याच्या टेम्पोत आम्हा दोघांच्या मधोमध त्या ऐसपैस बसल्या.

घाटावर गोधडी भिजून दगडासारखी जड झाली. एक टोक त्यानं धरलं, एक मी. पिळायला लागलो, तर पिळेचना! दोघंही एकाच बाजूला फिरवत होतो.

"तुमी उलटं फिरवा," तो म्हणाला.

"तुम्हीच फिरवा की!"

आणि दोघांनी एकदमच बाजू बदलली. गोधडी पुन्हा तशीच गोल गोल... मला हसू आवरेना. तोही हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, ते मी उगाचच बघून ठेवलं.

थंडीचे दिवस, ऊन उतरलेलं. इतके थर एवढ्याशा उन्हात कुठले वाळायला? "आमच्या गुऱ्हाळातल्या चुलाणाची ऊब हाय की," तो म्हणाला.

गुऱ्हाळात काहिलीत रस उकळत होता. चुलाणापासून बेतानं दूर त्यानं दोर बांधला, गोधडी टाकली आणि तिथून हललाच नाही. सारखी उलटायची, तळव्यानं ओल चाचपायची, धूर आला की बाजूला घ्यायची.

"एवढे बारीक टाके... सुई टोचली न्हाई कधी?"

"टोचली की." मी बोट पुढं केलं. त्यानं ते धरलं नाही, नुसतं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं... धरलं असतं तर?

दिवेलागणीला गोधडी खडखडीत वाळली आणि मला मात्र तिची घडी घालावीशी वाटेना.

सकाळी मोर दर्शनी झळकला. माणसं थांबत होती, टाके निरखत होती. शेजारच्या स्टॉलवरून गहिनीनाथची आई, बनुबाई, आल्या. त्यांनी गोधडीवर हात फिरवला, पदर धरावा तशी ती नाकाशी नेली.

"आगं पोरी, हिला आमच्या गुळाचा वास कसा?"

मी सगळं सांगितलं. त्या लेकाकडं वळल्या. "म्हंजी काल काहील करपली ती हिच्यापायी व्हय? अन् मला म्हनतो, डोळा लागला!"

मी चमकले. "गूळ करपला? आणि तुम्ही बोलला नाहीत?"

गहिनीनाथ कान लाल करून उभा. "बोललो असतो, तर तुमी ओलीच गोधडी घेऊन निघाला असता..."

"मग काय झालं असतं?"

"काय न्हाई. पर... तुमी जाऊ नये असं वाटत हुतं." त्यानं आईकडं बघायचं टाळलं. "आता परत कधी येनार तुमी? आमच्याकडं?"

काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "आधी गोधडी विकली जाऊ दे. मग बघू."

बनुबाईंनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग कमरेची पिशवी सोडत म्हणाल्या,

"बोल बाई, कितीला दिली?"

मी मान खाली घातली... आणि किंमत काही केल्या आठवेना.